देवदारी खोक्याचं मेज

दांडिया बाजारातला आमचा वाडा उतरवला, तेव्हा जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला होता. सागाचे खांब, तुळया, चौकटी त्याने टेपने मोजल्या, नखाने खरवडल्या, भाव सांगितला. मग माजघरातल्या आजोबांच्या बैठ्या मेजाकडे बघून म्हणाला, "काका, आ तो देवदारनुं खोखुं छे, बाळवामां काढो." जाळायचं? त्या मेजावर आमच्या तीन पिढ्या शिकल्या!

तसा तो निम्मा बरोबर होता. मेज खोक्याचंच आहे. पण देवदाराचं नाही. आपल्या घरांत पेटाऱ्याच्या कुठल्याही मऊ, पांढुरक्या लाकडाला 'देवदारी' म्हणायची पद्धत पडली. खरा देवदार हिमालयातला, सुवासिक. त्याच्या तेलकट गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. खोक्यांचं लाकूड पाइनचं, आणि पाइन म्हणजे वाळवीची मेजवानी. नाव एक, गुण उलटे. या गोंधळापायी फसलेले लोक मी पाहिलेत.

एके काळी रॉकेल परदेशातून पत्र्याच्या डब्यांत यायचं. ४ गॅलनचे २ डबे, त्यांच्याभोवती एक लाकडी खोकं. डबे पाणी भरायला जायचे आणि खोक्यांच्या फळ्यांची फडताळं, देव्हारे, पुस्तकांच्या मांडण्या व्हायच्या. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशचा साग यायचा थांबला. गायकवाडी मुलखात सोनगड-व्याऱ्याकडे सागाची जंगलं होती, पण कचेरीतल्या कारकुनाला तो साग कुठून परवडणार? आजोबांनी जुनी खोकी गोळा केली आणि मिस्त्रीला घरी बसवलं.

मिस्त्रीने काय निवडलं आणि काय टाकलं, हे आजोबा आम्हाला गोष्टीसारखं सांगायचे. फळी डोळ्याशी धरून कडेवरून बघायची, पीळ असेल तर बाजूला. लाकडाच्या रेषा जितक्या दाट, तितकी फळी टणक. भोवतालच्या लाकडाशी एकजीव झालेली लालसर गाठ चालते; काळी कडा असलेली गाठ आज ना उद्या निखळून पडते. सांध्यावर मात्र कुठलीच गाठ नको. गाठींतून राळ पाझरते, म्हणून त्यांवर आधी लाखेचा हात, मग रंग. खिळा ठोकायच्या आधी बारीक भोक, नाहीतर फळीचं टोक फाटतं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे पाय खोक्याच्या लाकडाचे केलेच नाहीत. ते सागाच्या उरलेल्या तुकड्यांचे. उधई जमिनीतूनच चढते ना! वरचा भाग मऊ, हलका, जमिनीला टेकणारा कठीण.

एवढं ऐकून वाढलेला मी, तरी फसलोच. काही वर्षांपूर्वी घरात पाइनचं कपाट करायचं ठरलं. आता गांधीधामला न्यूझीलंडचं पाइन जहाजांनी येतं, स्वच्छ, पिवळसर, दिसायला सुरेख. तिकडे ते पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येतं, म्हणून रेषा रुंद आणि लाकूड मऊ. लातीवाला म्हणाला, "एकदम सुकं आहे." मी मानलं. ओलावा मोजायचं यंत्र मिळतं; घरातल्या कामाला १०-१२ टक्के बरे, हे नंतर कळलं. पहिल्या उन्हाळ्यात दारं पिळली. शिवाय मी हौसेने ४ फुटांची फळी मधे आधार न देता टाकली होती. तिच्यावर ज्ञानकोश ठेवल्यावर तिचा झोपाळा झाला. दोष लाकडाचा नव्हता.

हल्ली मुलं कारखान्यांतली पॅलेट आणून फर्निचर करतात, म्हणून एक सांगून ठेवतो. त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरात नको. आणि 'एचटी' असलं तरी पुढे वाळवी लागणार नाही असं नाही, ते पूर्ण सुकलेलं असतं असंही नाही.

वाड्याचा साग विकला. मेज आता पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे. उलटं केलं की फळीवर छापील इंग्रजी अक्षरं अजून दिसतात, अर्धी करवतीने कापलेली. नात ती जुळवून शब्द लावायचा प्रयत्न करत असते.