एक मूल, सहा कार्यालये : जुन्नर-आंबेगावमध्ये दिव्यांग बालकांच्या सेवांचे संयुक्त नियोजन का हवे?

दिव्यांग बालकांसाठी सरकारकडे योजनाच नाहीत, असे म्हणता येणार नाही. तपासणीची योजना आहे, शिक्षणाची आहे, साहित्याची आहे, अनुदानाची आहे, विम्याचीही आहे. दुखणे वेगळे आहे. या योजना आरोग्य, महिला व बालविकास, शिक्षण, महसूल, दिव्यांग कल्याण आणि आदिवासी विकास अशा सहा विभागांत वाटल्या गेल्या आहेत. प्रत्येक विभाग मुलाचा आपल्यापुरता तुकडा पाहतो. अख्खे मूल कोणाच्याच नोंदवहीत नसते. ते सांभाळण्याचे, कागद जोडण्याचे आणि या दारातून त्या दारात जाण्याचे काम शेवटी आईवर येते.

हा लेख जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपुरता आहे. कोणत्या सेवा कोणाकडे आहेत, दुवा कुठे तुटतो, कायदा काय सांगतो आणि कार्यकर्त्यांनी कुठून सुरुवात करावी, याची ही मांडणी.

दोन तालुके, एकच खोरे

२०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि आंबेगावची सुमारे २ लाख ३६ हजार आहे. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे, बागायत आणि ऊस. पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगरभाग, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. या पश्चिम पट्ट्यात पेसा कायदा लागू आहे.

प्रशासनाने हे दोन तालुके अनेक बाबतींत आधीच जोडले आहेत. दोन्हींसाठी एकच उपविभागीय अधिकारी आहेत आणि त्यांचे कार्यालय मंचरला आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे. उपजिल्हा रुग्णालय मंचरला, तर जिल्हा रुग्णालय थेट पुण्यात औंधला. कुकडी प्रकल्पाचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नरमध्ये आणि डिंभे आंबेगावमध्ये, तरी पाण्याचे नियोजन एकत्र होते. डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येडगावला जाते. पाण्याचा हिशेब तालुक्याची हद्द ओलांडून मांडता येतो, तर मुलांचा का नाही?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. पश्चिमेकडची अनेक कुटुंबे शेतमजुरीसाठी पूर्वेच्या बागायती गावांत येतात. मुलाचे नाव एका तालुक्याच्या अंगणवाडीत आणि कुटुंब दुसऱ्या तालुक्यातल्या शेतावर, असे होते. तालुक्यापुरते नियोजन केले की नेमके हेच मूल दोन्ही याद्यांतून गळते.

किती मुले, कोणती मुले?

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे १.७ टक्के होते. दोन्ही तालुक्यांची मिळून सुमारे ६ लाख ३६ हजार लोकसंख्या आणि त्यात एक तृतीयांश मुले धरली, तर या प्रमाणाने साडेतीन हजारांच्या आसपास मुले येतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण उपयोगाचा आहे. तालुक्याची अधिकृत यादी यापेक्षा फारच लहान असेल, तर मुले कमी आहेत असे न समजता मोजणी कमी झाली आहे असे समजावे.

त्या जनगणनेत अपंगत्वाचे ८ प्रकारच विचारले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने २१ प्रकार मान्य केले आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही त्यात येतात. म्हणजे 'पोरगं नुसतंच मठ्ठ आहे' म्हणून मागच्या बाकावर बसवलेले मूलही कायद्याने सेवेचे हक्कदार असू शकते.

कोणाकडे काय आहे?

आरोग्य विभाग : २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब या चार गोष्टी पाहिल्या जातात. पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे.

महिला व बालविकास : नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला अंगणवाडीत सामावून घेणे व कुटुंबाला आधार देणे, आणि आशाताई, आरोग्यसेविका व तपासणी पथकामार्फत पुढे पाठवणे, असे तिचे तीन टप्पे आहेत.

शिक्षण विभाग : समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षण येते. गट साधन केंद्रातील विशेषतज्ज्ञ व विशेष शिक्षक, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींना प्रोत्साहन भत्ता आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी जाऊन शिक्षण, अशा तरतुदी त्यात आहेत.

महसूल विभाग : संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा लागतो.

दिव्यांग कल्याण विभाग : महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये हा विभाग स्वतंत्र झाला. विशेष शाळा आणि दिव्यांगांच्या योजना त्याच्याकडे आहेत. आयुक्तालय पुण्यातच आहे.

आदिवासी विकास विभाग : पश्चिम भागातील आश्रमशाळा. तिथे निवासी राहणाऱ्या मुलांची तपासणी, उपचार आणि पालकांना निरोप या तिन्ही गोष्टी गावातल्या अंगणवाडीच्या व शाळेच्या साखळीबाहेर पडतात.

याशिवाय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय आरोग्य विमा आहे. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. आणि जवळजवळ प्रत्येक दारात मागितला जाणारा कागद म्हणजे युडीआयडी कार्ड. जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र याच ऑनलाइन पद्धतीने देणे बंधनकारक आहे.

दुवा कुठे तुटतो?

समजा, एखाद्या वाडीवरची दोन वर्षांची मुलगी अजून आधाराशिवाय बसत नाही. तपासणी पथक तिला ओळखते आणि औंधची चिठ्ठी देते. पथकाचे काम नोंदीपुरते पूर्ण झाले. औंधला जायचे म्हणजे आईवडील दोघांचा दिवसाचा रोज बुडतो, शिवाय भाडे. एकदा जातात. तिथे सांगतात, दर आठवड्याला फिजिओथेरपीला या. ते शक्य नसते. ती परत आली नाही, हे रुग्णालय अंगणवाडीला कळवत नाही. सहाव्या वर्षी शाळेत नाव घातले, तर शिक्षकांना आधीची तपासणी ठाऊक नसते. विशेष शिक्षक पुन्हा पहिल्यापासून नोंद करतात. प्रमाणपत्र नसल्याने अनुदान नाही. सगळ्यांनी आपापले काम केले आणि चार वर्षे वाया गेली. मेंदूची घडण ज्या वयात वेगाने होत असते, त्यातलीच ही वर्षे.

साहित्याचेही तसेच. शिबिरात कॅलिपर मिळते, फोटो निघतो. मूल वाढते, वर्ष-दीड वर्षात कॅलिपर आखूड होते आणि पुढचे शिबिर कधी, हे कोणी सांगत नाही. चाकाची खुर्ची मिळते, पण वाडीच्या पायवाटेवर ती चालत नाही. श्रवणयंत्र मिळते, पण सेल संपल्यावर ते पेटीत जाते.

प्रवासाचा प्रश्न इथे अधिकच टोकदार आहे. जुन्नर वनविभागात बिबट्याचा वावर रोजचा झाला आहे. उसाच्या कडेने शाळेत जाणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या मुलासाठी मदतनीस भत्ता ही चैन नव्हे, ती सुरक्षेची बाब आहे.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार शाळकरी वयातील दिव्यांग मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करणे बंधनकारक आहे. कलम ३१ नुसार किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम ७२ मध्ये जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांग बालकांचा 'वंचित गटात' समावेश झाला. त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत त्यांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागता येते.

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये अपंगत्वाच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे, तर अकराव्या अनुसूचीत अपंगांचे कल्याण हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदवला आहे. म्हणजे ग्रामपंचायतीकडे जाताना आपण उपकार मागायला जात नाही.

इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सेवा यांचा मिळून प्रत्येक पात्र मुलासाठी एकच आराखडा करण्याची पद्धत आणली आणि त्याला २० आठवड्यांची मुदत घातली. अलीकडच्या वर्षांत जेमतेम निम्मे आराखडे त्या मुदतीत झाले आहेत. यातून दोन गोष्टी दिसतात. एकत्र आराखडा कायद्याने करता येतो, आणि मनुष्यबळ दिले नाही तर चांगला कायदाही रांगेत अडकतो.

संयुक्त नियोजन म्हणजे नेमके काय?

बैठक घेऊन चहा पिणे म्हणजे संयुक्त नियोजन नव्हे. त्यात निदान पाच गोष्टी हव्यात.

१. एक यादी. अंगणवाडी, शाळा, आश्रमशाळा, आरोग्य पथक आणि ग्रामपंचायत यांच्या याद्या दर तीन महिन्यांनी ताडून पाहाव्यात. ही माहिती खासगी आहे. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नये.

२. एक जबाबदार व्यक्ती. प्रत्येक मुलामागे एक नाव ठरलेले असावे. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीताई, त्यानंतर विशेष शिक्षक. मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कागदही सोबत जावेत.

३. एक दिवस, एक ठिकाण. प्रमाणपत्राची तपासणी, साहित्याचे माप, अनुदानाचा अर्ज आणि विम्याची नोंदणी एकाच दिवशी व्हावी. पूर्व भागासाठी मंचर किंवा नारायणगाव आणि पश्चिमेसाठी घोडेगाव व जुन्नर, असे वर्षाचे वेळापत्रक आधीच जाहीर करावे.

४. उपचार मुलापर्यंत. फिजिओथेरपी आणि वाचा उपचार करणारे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र मिळणे कठीण आहे. दोन तालुक्यांनी मिळून ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयांत सेवा द्यावी आणि घरी करायचे व्यायाम पालकांना शिकवावेत.

५. एक आढावा. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बैठक व्हावी आणि तीत पालक सदस्य असावेत. 'किती शिबिरे घेतली' याऐवजी 'चिठ्ठी दिलेल्या किती मुलांना उपचार मिळाले' हा प्रश्न विचारला जावा.

पैसा कुठून?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. अनेक ठिकाणी ती वर्षअखेरीस सर्वांना थोडी थोडी वाटली जाते. लहान ग्रामपंचायतीची ही रक्कम तुटपुंजी असते, हे खरे. पण आठ-दहा गावांनी ठरवून ती एकाच कामाला लावली, उदाहरणार्थ उपचाराच्या दिवशीच्या गाडीला, तर तिचा उपयोग दिसतो. मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के आणि महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी वेगळा आहे. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहिली गेली, तरच पैसा मिळतो.

आपण काय करू शकतो?

आपल्या वस्त्यांमध्ये अपंगत्वाला जातीची जोड मिळाली की मूल दोनदा मागे पडते. त्यात 'मागच्या जन्माचे भोग' ही समजूत अजून अनेक घरांत आहे आणि मूल पाहुण्यांपासूनही लपवले जाते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. विहारात हे बोलले गेले पाहिजे, आणि त्या मुलासाठी विहाराच्या पायऱ्यांना उतारही केला पाहिजे.

प्रत्यक्ष काम चार टप्प्यांत करता येईल. आधी आपल्या गावातील मुलांची यादी पालकांच्या संमतीने करावी. प्रत्येकापुढे प्रमाणपत्र, शाळा, उपचार, साहित्य, अनुदान असे पाच रकाने आखून रिकामे कोणते ते पाहावे. मग शाळा व्यवस्थापन समितीत दिव्यांग मुलाचा पालक आहे का, हे विचारावे. तिसरे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ५ टक्के निधीचा मागील हिशेब आणि पुढील कामाचा ठराव लेखी मांडावा. चौथे, दोन्ही तालुक्यांतील गावांचे ठराव एकत्र करून संयुक्त बैठकीची मागणी मंचरच्या उपविभागीय कार्यालयाकडे द्यावी.

हे करताना फक्त बौद्ध वस्तीची यादी करू नये. ठाकरवाडीतले मूल, मराठा शेतकऱ्याचे मूल, मजुरीला आलेल्या कुटुंबाचे मूल, सगळी एकाच कागदावर हवीत. एका समाजाचा अर्ज बाजूला ठेवता येतो. वीस गावांनी मिळून दिलेला ठराव बाजूला ठेवणे अवघड असते.

जय भीम.