‘विजया’ शब्दाचा अर्थ आणि निद्रेचीं औषधें : डहाणू किनाऱ्याच्या अनुषंगानें कांहीं विचार

डहाणू हें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखांत ज्या नद्यांवर त्यानें उतारूंसाठीं विनामूल्य नावांची सोय केली त्यांचीं नांवें आलीं आहेत. त्यांत इबा, पारदा, दमण, तापी व करबेणा यांजबरोबर दाहनुका हें नांव आहे. पुढें हा किनारा गुजराथच्या सुलतानांचा, मग पोर्तुगीजांचा, इ. स. १७३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांचा व शेवटीं इंग्रजांचा झाला. आज डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आलेल्या पालघर जिल्ह्यांत मोडतात. वारली, मराठी, गुजराथी, पारशी व इराणी असे नाना लोक येथें शेजारीं नांदतात. त्यामुळें या बाजूच्या घरगुती कागदांत दोन भाषा व दोन लिप्या एकमेकींत मिसळणें स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय राजकीय नाहीं. जुन्या वैद्यकी बाडांत निद्रेसंबंधीं जीं औषधें लिहिलेलीं असतात, तीं वाचतांना कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच विचार येथें करावयाचा आहे. तो करण्याचें कारण असें कीं, बखर चुकीची वाचली तर इतिहास बिघडतो. परंतु औषधाचा कागद चुकीचा वाचला तर माणूस दगावण्याचा संभव असतो.

अलीकडे असें सांगितलें जातें कीं, भांग हें झोपेचें प्राचीन आर्य औषध असून घोरण्यावरही तें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. या विधानाचे दोन भाग आहेत व दोन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला भाग निद्रेचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल व अतिकृश यांचें वर्णन आहे आणि त्याच अध्यायांत पुढें निद्रेचें विवेचन आहे. झोप न येणाऱ्यास अभ्यंग, उटणें, स्नान, तांदुळाचा भात, दहीं, दूध, स्निग्ध पदार्थ, मद्य, अंग चेपणें, सुगंध, गोड शब्द व सुखकर शय्या हे उपाय तेथें सांगितले आहेत. दुसऱ्या एका स्थळीं झोप आणणाऱ्या द्रव्यांत म्हशीचें दूध श्रेष्ठ मानलें आहे. या यादींत भांग नाहीं. भंगा हा शब्द अथर्ववेदांत येतो हें खरें; परंतु वनस्पतीचें नांव माहीत असणें निराळें व तिचा औषध म्हणून उपयोग होणें निराळें. म्यूलेनबेल्ड या डच पंडितानें इ. स. १९८९ त प्रसिद्ध केलेल्या निबंधांत भंगेच्या उल्लेखांवरून संस्कृत वैद्यकग्रंथांचा कालनिर्णय करण्याचा यत्न केला आहे. त्याचा निष्कर्ष असा कीं, मादक द्रव्य म्हणून ही वनस्पति वैद्यकांत बऱ्याच उशिरां, मध्ययुगांत, शिरली. शार्ङ्गधरसंहितेंत ती अफूच्या जोडीनें येते, आणि त्याच ग्रंथांतील जातीफलादि चूर्णांत तिचें प्रमाण मोठें आहे. तथापि तें चूर्ण मुख्यतः ग्रहणी, कास, श्वास यांसाठीं सांगितलें आहे, निद्रेसाठीं नव्हे.

निद्रेचा स्पष्ट उल्लेख पाहिजे असल्यास आपल्याच किनाऱ्यावरील एका परकीय वैद्याकडे वळावें लागतें. गार्सिया द ओर्ता हा इ. स. १५३४ त मार्तिम आफोन्सो द सौझा याजबरोबर हिंदुस्थानांत आला. त्याचा संवादरूप ग्रंथ इ. स. १५६३ त गोव्यास छापला गेला. त्यांतील आठवा संवाद भांगेवर आहे. भांगेंत सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, कस्तुरी इत्यादि मिसळीत असें तो सांगतो. आपल्या चाकरांनीं ती आपणांस न कळवितां घेतली, तेव्हां श्रम वाटेनासे झाले, आनंद झाला व खा खा सुटली, असें त्यांनीं आपणांस सांगितल्याचेंही तो नमूद करतो. पूर्वीचे मोठे सेनानी कष्टांचा विसर पडावा व झोप लागावी म्हणून ती मद्याबरोबर किंवा अफूबरोबर घेत, असें त्यानें ऐकलें होतें. गुजराथचा सुलतान बहादुरशहा सौझापाशीं बोलला कीं, रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान, इराण यांपैकीं कोठें जावेंसें वाटलें तर थोडी भांग घेतली म्हणजे पुरे. हाच बहादुरशहा, यानेंच इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस तहानें दिला. म्हणजे भांग व झोप यांचा संबंध सांगणारा हा पुरावा उत्तर कोंकणाच्या इतिहासाशीं अगदीं निगडित आहे. परंतु त्याचा अर्थ नीट लक्ष्यांत घ्यावा. ओर्ता येथें रोगाचें औषध सांगत नसून जागरणानें व चिंतेनें गांजलेल्या माणसांची सोय सांगत आहे. आणि सुलतानाचें बोलणें तर झोपेचें नसून स्वप्नांचें आहे.

यानंतरचा मोठा साधनसंग्रह म्हणजे इ. स. १८९३-९४ चें गांजा-भांगेविषयींचें सरकारी कमिशन. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते व सात सभासदांपैकीं तिघे हिंदी होते. ११९३ साक्षीदारांच्या जबान्या त्यानें घेतल्या. मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यतः घाटावर, अहमदनगर जिल्ह्यांत होत असे. डहाणूची ओळख गांजाची नसून ताडीची होती व तिच्या जोडीला मोहाच्या फुलांची दारू होती. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा इ. स. १८९२ त करावा लागला, हें या दृष्टीनें बोलकें आहे. कमिशननें एक महत्त्वाची गोष्ट उघड केली. वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तरांत वेडाचें कारण ‘गांजा’ असें जें लिहिलेलें असे, तें पुष्कळदां चौकशीशिवाय, पोलिसांच्या सांगीवरून भरलेलें होतें. दप्तरांत लिहिलें आहे एवढ्यावरून तें खरें ठरत नाहीं, हा धडा वैद्यांपेक्षां आम्हां संशोधकांसच अधिक उपयोगी आहे.

आतां दुसरा भाग घोरण्याचा. सुश्रुतानें अतिस्थूल मनुष्याचीं लक्षणें सांगतांना क्षुद्रश्वास, तहान, भूक, झोप, घाम यांबरोबर ‘क्रथन’ असें एक लक्षण दिलें आहे. माधवनिदानांतही मेदोरोगाच्या वर्णनांत तें येतें. टीकाकारांनीं त्याचा अर्थ श्वासाचा अकस्मात् होणारा अवरोध असा केला आहे. कोणी कंठांतील घुरघुर असाही करतात. आज ज्यास निद्राश्वासरोध किंवा स्लीप ॲप्निआ म्हणतात, त्याचें याहून नेमकें वर्णन थोडक्यांत करणें कठीण आहे. झोपेंत घशाचे स्नायु सैल पडून वाट मिटते, श्वास कांहीं क्षण थांबतो, मग माणूस दचकून घोरत पुन्हां श्वास घेतो. असें रात्रींत अनेकदां होतें व दिवसा डुलक्या येतात. युरोपांत या विकाराची शास्त्रीय नोंद इ. स. १९६५ त झाली, आणि नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवण्याचा उपाय ऑस्ट्रेलियांतील सलिव्हन यांनीं इ. स. १९८१ त प्रसिद्ध केला. ‘क्रथन’ हा शब्द आपल्याकडे होता याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्यावर भांग सांगितली होती असें त्या ग्रंथांच्या नांवावर खपवूं नये. अतिनिद्रेवर चरकानें वमन, विरेचन, व्यायाम व उपवास सांगितले आहेत, म्हणजे रोख गुंगी वाढविण्याकडे नसून ती मोडण्याकडे आहे.

मग बाडांत ‘विजया’ लिहिलेली सांपडते तिचें काय? येथेंच खरी मेख आहे. भावप्रकाशांत विजया हें भांगेचें एक नांव आहे; आणि त्याच भावप्रकाशांत हिरड्याच्या ज्या सात जाती सांगितल्या आहेत त्यांतील पहिली, सर्व रोगांत उपयुक्त, तीही विजयाच. कफ, घशाची घुरघुर, मेद यांवर ‘विजया’ असें वाचून जो भांग घोटावयास बसेल, त्याच्या हातांत कदाचित् साध्या हिरड्याचा कागद असेल. निर्णय करण्यास पुढील खुणा आम्हांस उपयोगी वाटतात. सोबत बेहडा व आंवळा असतील तर विजया म्हणजे हिरडा. जायफळ, अफू, धोत्रा असतील तर भांग. ‘फळ’ किंवा ‘दळ’ म्हटलें असेल तर हिरडा. ‘पान’ किंवा ‘बीं’ म्हटलें असेल तर भांग. फडक्यांत बांधून, हिरवें पाणी येईनासें होईतोंपर्यंत धुण्यास सांगितलें असेल तर ती निःसंशय भांगच. प्रमाणही पाहावें. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. संक्षेपानें लिहिलेल्या मोडी खुणेंत माशाचा तोळा वाचला गेला तर औषध एकदम बारापट होतें. हिरड्याच्या बाबतींत फार तर रेच होईल. भांगेच्या बाबतींत काय होईल तें सांगावयास नको.

डहाणूकडील कागदांत आणखी एक अडचण येते, ती गुजराथीची. तेथें हिरड्यास हरडे व लहान हिरड्यास हीमज म्हणतात, म्हणून हिरड्यापुरता घोटाळा उलट कमी होतो. परंतु गुजराथींत ‘नसकोरां’ म्हणजे घोरणें, आणि ‘नसकोरी फुटणें’ म्हणजे आपल्याकडील घुळणा फुटणें. एका मात्रेच्या फरकानें घोरण्याचा उपाय रक्त थांबविण्याचा ठरतो किंवा त्याच्या उलट होतें. किनाऱ्यावरील बाड वाचतांना गुजराथी जाणणारा शेजारी जवळ असावा, हें बरें.

आजच्या शास्त्राचें मत येथें थोडक्यांत देतों. भांग-गांजांतील मादक अंशानें प्रथम झोप लवकर लागते असें कांहीं प्रयोगांत दिसतें. परंतु स्वप्नांची झोप कमी होते, आणि संवय लागून सोडल्यावर निद्रानाश व ठळक स्वप्नें यांचा त्रास होतो. बहादुरशहाची मुशाफिरी व सोडणाऱ्याचीं स्वप्नें हे प्रकार एक समजूं नयेत. निद्राश्वासरोधावर त्या अंशाच्या कृत्रिम गोळीचा प्रयोग इ. स. २०१८ त ७३ रोग्यांवर सहा आठवडे झाला व श्वास थांबण्याची संख्या कांहींशी घटली. तथापि त्याच वर्षीं अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें या विकारावर भांगेचा औषध म्हणून उपयोग करूं नये असें स्पष्ट जाहीर केलें, कारण पुरावा अपुरा व मात्रा बेभरंवशाची. मद्य व गुंगीचीं औषधें घशाचे स्नायु अधिक सैल करतात, ही गोष्ट तर सर्वमान्य आहे. शिवाय इ. स. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यान्वयें गांजा बाळगणें गुन्हा आहे.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या घरचीं औषधांचीं बाडें रद्दींत घालूं नयेत. तीं समाजाच्या रोजच्या जीवनाचीं अव्वल साधनें आहेत. त्यांची नक्कल करतांना ‘विजया’ ही ‘विजया’ म्हणूनच उतरावी, तिचा हिरडा किंवा भांग करणें तें टिपेंत व आधारासहित करावें. तोळा-माशांच्या खुणा मुळाबरहुकूम ठेवाव्या. आणि घरांतील कोणी वडील माणूस झोपेंत घोरतां घोरतां श्वास अडकून दचकत असेल, तर बाड मिटून त्यास वैद्याकडे न्यावें. कागद वाट पाहूं शकतो, श्वास पाहूं शकत नाहीं.