‘ज्युबिली’चं भाकीत

डेरेक जारमनच्या ‘ज्युबिली’विषयी लिहायला बसलेला माणूस एक गोष्ट हटकून सांगतो: या चित्रपटानं पुढचं सगळं आधीच ओळखलं होतं. १९८१ च्या दंगलींत ब्रिक्स्टन आणि टॉक्स्टेथचे रस्ते पेटले, आणि कालची बंडखोर पोरं प्रस्थापितांच्या पंगतीला जाऊन बसली. या दाव्याचा माग काढत गेलं की आपण खुद्द जारमनच्या ‘डान्सिंग लेज’ या आत्मकथनापाशी पोचतो. पुस्तक १९८४ चं; चित्रपट लंडनमध्ये लागला फेब्रुवारी १९७८ मध्ये. म्हणजे भाकीत खरं ठरल्याचा निर्वाळा भाकीत करणाऱ्यानंच दिलेला, तोही दंगली होऊन तीन वर्षं उलटल्यावर. तेव्हा पुरावे तारीखवार लावलेले बरे.

सगळ्यात जुना पुरावा सुपर-८ फिल्मचा. फेब्रुवारी १९७६ मध्ये थेम्सकाठच्या बटलर्स व्हार्फला शिल्पकार अँड्र्यू लोगनच्या स्टुडिओत पार्टी होती. तिथं तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवत होता आणि जारमनच्या हातात कॅमेरा होता. पुढच्या वर्षीची रिळं जॉर्डनची. किंग्ज रोडवरच्या व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लारेन यांच्या कपड्यांच्या दुकानात ती काउंटरवर असायची. लहानपणी बॅले शिकलेली ही पोरगी पांढऱ्या ट्यूटूमध्ये, एका उजाड जागी पेटवलेल्या शेकोटीभोवती नाचते आहे. नाचाची ही दृश्यं तशीच ‘ज्युबिली’त आली. चित्रपट वाढला तो इथून.

त्याची गोष्ट अशी: पहिली एलिझाबेथ राणी आपला ज्योतिषी जॉन डी याला भविष्य दाखवायला सांगते. दिसतं ते उद्ध्वस्त लंडन. दुसरी एलिझाबेथ लुटारूंच्या हातून मेलेली, तिचा मुकुट एका टोळीतल्या बॉडच्या डोक्यावर. पहिली एलिझाबेथ आणि बॉड या दोन्ही भूमिका जेनी रुनाकरनंच केल्या आहेत. जॉर्डन झाली अ‍ॅमिल नायट्रेट, या टोळीची इतिहासकार! पण ते उद्ध्वस्त लंडन कल्पनेतून आलेलं नाही. गोदीचा धंदा बसल्यामुळे नदीकाठची गोदामं आणि मोकळ्या जागा १९७७ मध्ये खरोखरच ओस पडल्या होत्या. जारमन त्याच भागात राहायचा. तिथं कॅमेरा लावला की भविष्यकाळ आयता मिळत होता.

१९७८ सालचा सर्वांत बोलका कागद खरं तर कापड आहे. वेस्टवूडनं जारमनला खुलं पत्र लिहिलं आणि ते चक्क टी-शर्टवर छापलं. हस्ताक्षरातला मजकूर, शर्टभर. चित्रपट आपण दोनदा पाहिला, तो कमालीचा कंटाळवाणा आहे, असं तिनं जारमनला सुनावलं. यातली काही टीका, विशेषतः जारमनच्या समलैंगिकतेवरची, निव्वळ खुनशी आहे. पण तिचा राग समजण्यासारखा आहे. तिच्याच दुकानातली मुलगी, तिच्याच वर्तुळातले कपडे, आणि चित्रपट मात्र स्लेड कलाशाळेत शिकलेल्या, केन रसेलच्या ‘द डेव्हिल्स’चे सेट उभारलेल्या दिग्दर्शकाचा. गंमत म्हणजे हा निषेधही अंगात घालायचा मालच होता. अशा शर्टाचा एक नमुना आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भविष्यवाणीचा मुद्दा मात्र या पत्राला शिवलेलाही नाही.

आता १९८४ चा दावा. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टन पेटलं, त्याआधी पोलिसांनी ‘स्वॅम्प ८१’ ही मोहीम चालवली होती. काही दिवसांत ९४३ जणांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या, त्यांत भरणा कृष्णवर्णीय तरुणांचा. ‘ज्युबिली’तही पोलीस खुनी आहेत, पेट्रोल बॉम्ब आहे, पण पडद्यावर जवळजवळ सगळे गोरेच. ब्रिक्स्टन कुणामुळे आणि कशामुळे पेटेल, याचा मागमूस तिथं नाही. आग दिसली म्हणून ती हीच आग, असं म्हणता येत नाही.

दाव्याच्या दुसऱ्या भागात, गायक अ‍ॅडम अँटबाबत, जारमनचं पारडं जड आहे. चित्रपटात तो ‘किड’ झाला आहे. बोर्जिया गिन्झ नावाचा बडा माध्यमसम्राट त्याला करारबद्ध करतो. १९८१ मध्ये खरा अ‍ॅडम ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. तरीही गिन्झनं बकिंगहॅम पॅलेसचा रेकॉर्डिंग स्टुडिओ केलेला पाहून चकित होण्याआधी मार्च १९७७ ची वर्तमानपत्रं चाळावीत. त्या महिन्यात सेक्स पिस्टल्सनी ए अँड एम कंपनीच्या करारावर त्याच राजवाड्याबाहेर टेबल मांडून, छायाचित्रकारांसमोर सह्या केल्या होत्या. आठवडाभरात कंपनीनं करार मोडला, आणि मे महिन्यात पिस्टल्स व्हर्जिनकडे गेले.