लव्हबर्डची अंडी फोल का जातात? जोडी जमण्यापासून पिल्लू फुटेपर्यंत

बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, पक्ष्यांच्या दुकानात 'लव्हबर्ड' मागितले की बहुतेक वेळा हातात पडतात ते बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने जाड आणि आखूड शेपटीचे. बजरीगर ऑस्ट्रेलियातला. त्याच्या नावाचा बाजरीशी काही संबंध नाही, तो बाजरी आवडीने खात असला तरी. ते नाव तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आलंय. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने 1840 मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घरोघरी पोचले.

घरी जोडी आणली, मडकं टांगलं, अंडीही आली, पण तीन आठवडे उलटले तरी पिल्लाचा पत्ता नाही, ही तक्रार घरोघरची. कारण समजायचं तर अंडं मुळात फलित कसं होतं ते आधी पाहायला हवं.

अंडं घालायला मादीला नराची गरज नसते. घरची गावठी कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, तसंच हे. दिवस मोठा, खाणं भरपूर आणि अंधारं मडकं मिळालं की एकटी मादीसुद्धा अंडी घालते. दिसायला ती अगदी फलित अंड्यासारखीच असतात, पिल्लू मात्र कधीच होत नाही.

फलनासाठी नराचे शुक्राणू मादीच्या पोटात पोचावे लागतात. बजरीगर, कॉकाटील, फिंच या पक्ष्यांच्या नराला बाहेर दिसणारं जननेंद्रिय नसतं. नर-मादी दोघांनाही शेपटीखाली एकच द्वार असतं, त्याला अवस्कर म्हणतात. विष्ठा, अंडी, शुक्राणू सगळं तिथूनच. मादी दांडीवर पाठ वाकवून, डोकं मागे टाकून, शेपटी वर करून बसते. नर पाठीवर चढतो, पंखाने तिला धरतो, शेपटी तिच्या शेपटीखाली घालतो आणि दोघांची द्वारं क्षणभर एकमेकांना टेकतात. तेवढ्यात काम होतं. त्याआधी नराची मान हलवणं, चोचीवर चोच आपटणं, पोटातलं दाणं काढून मादीला भरवणं चाललेलं असतं. भरवणं दिसलं की जोडी जमली असं समजायला हरकत नाही.

आता आतली गोष्ट. बहुतेक पक्ष्यांत मादीचं डावं अंडाशय आणि डावी अंडनलिकाच कामाची असते. नलिकेच्या खालच्या भागात अगदी बारीक नळ्या असतात, तिथे शुक्राणू साठवले जातात. कोंबडीत हा साठा दोन ते तीन आठवडे पुरतो. त्यामुळे एका मीलनावर एकाहून जास्त अंडी फलित होऊ शकतात. अंडाशयातून बलक सुटला की पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच, नलिकेच्या तोंडाशी फलन व्हावं लागतं. नंतर त्यावर पांढरा भाग चढतो आणि मग शुक्राणूंना वाट उरत नाही. शेवटी कवच. कोंबडीला या सगळ्या प्रवासाला साधारण एक दिवस लागतो, त्यातला बराचसा वेळ कवच बनण्यातच जातो. बजरीगर एक दिवसाआड एक अंडं घालते, एका वेतात चार ते सहा.

फोल अंड्यांचं सगळ्यात सामान्य कारण हसण्यासारखं आहे. पिंजऱ्यात जोडी नसतेच, दोन माद्या असतात. गुलाबी चेहऱ्याच्या लव्हबर्डमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. दोन माद्या एकमेकींना भरवतात, एकाच घरट्यात बसतात. अशा वेळी आठ-दहा अंडी एका घरट्यात सापडली तर शंका घ्यावी. पिसाची डीएनए चाचणी हाच खात्रीचा उपाय. बजरीगरमध्ये काम सोपं आहे. चोचीवरची, नाकपुड्यांभोवतीची मऊ पट्टी मोठ्या नराची निळी, तर अंड्यावर आलेल्या मादीची तपकिरी, खरबरीत. पण पिवळ्या-पांढऱ्या जातीतल्या काही नरांची पट्टी आयुष्यभर गुलाबी-जांभळट राहते आणि दुकानदारही तिथे फसतो.

दुसरं कारण दांडी. प्लास्टिकची गुळगुळीत, बारीक, हलणारी दांडी असेल तर मादीला पाय घट्ट रोवता येत नाहीत आणि नर घसरतो. पेरूची किंवा कडुनिंबाची, थोडी वेडीवाकडी पण घट्ट बसवलेली फांदी चांगली. याशिवाय पक्षी लठ्ठ असणं, वय कमी असणं, शेपटीखालची पिसं फार दाट असणं, पिसं झडण्याचा काळ असणं, यांमुळेही मीलन फसतं. एकाच घरट्यातली भाऊ-बहीण जोडी लावली तर अंडी फलित होतात, पण पिल्लू कवचातच मरण्याचं प्रमाण वाढतं.

अंडं फलित आहे का, हे सहाव्या-सातव्या दिवशी कळतं. अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावला की फलित अंड्यात लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसतं. फोल अंडं नुसतं पिवळसर, स्वच्छ. बजरीगरची अंडी साधारण 18 दिवसांत फुटतात, कॉकाटीलची 18 ते 21, लव्हबर्डची 22-23 आणि झेब्रा फिंचची 12 ते 14. कॉकाटीलमध्ये नरही आळीपाळीने अंड्यांवर बसतो. बजरीगर मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, म्हणून पिल्लं एक दिवसाआड फुटतात आणि थोरल्या-धाकट्यात चांगलं आठवड्याचं अंतर पडतं.

फोल अंडी दिसली की लगेच उचलून टाकायची घाई करू नये. अंडी गेली की मादी ती भरून काढायला नवी घालते, आणि तिचं कॅल्शियम त्यातच संपतं. उबवणीचे दिवस पुरे होऊ द्यावेत, मग मडकं काढून टाकावं.

मादी अंड्यावर मरते ती इथेच

कवचातलं कॅल्शियम मादीच्या खाण्यातून आणि तिच्या स्वतःच्या हाडांतून येतं. नुसतं राळं-बाजरी खाणाऱ्या मादीला ते पुरत नाही. मग कवच मऊ होतं, अंडं आत अडकतं. मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी खालीवर हलते, जोर लावते पण काही येत नाही. ही तासाभरात सुधारेल म्हणून थांबण्याची वेळ नव्हे. तिला उबदार जागी ठेवून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बोटाने दाबून अंडं काढायचा प्रयत्न मुळीच करू नये, आत फुटलं तर पक्षी हातचा जातो.

हे टाळायला कटलबोन, म्हणजे आयुर्वेदिक दुकानात मिळणारा समुद्रफेन, पिंजऱ्यात कायम अडकवलेला असावा. उकडलेलं अंडं, मेथी-शेवग्याची पानं, मोड आलेलं धान्य आणि थोडं कोवळं ऊन हवं. मादी वर्षाची होण्याआधी मडकं देऊ नये आणि वर्षात दोनच वेतं घ्यावीत, फार तर तीन. ग्वाल्हेर-हैदराबादच्या मे महिन्यात मडकं लावणं म्हणजे अंड्यांसकट मादीला भाजणं. गोव्यात उलट पावसाळ्याची अडचण. ओलसर धान्याला बुरशी लागते आणि ती पिल्लांना सोसत नाही.

कायदा

आपला हिरवा पोपट, पहाडी पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणं, जोडी लावणं आणि विकणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. हा केंद्राचा कायदा, राज्याची हद्द ओलांडली म्हणून बदलत नाही. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड परदेशी असल्याने आणि आंतरराष्ट्रीय यादीत नसल्याने त्यांना अडचण नाही. पण फिशर लव्हबर्ड, मकाऊ, आफ्रिकन ग्रे यांसारखे त्या यादीतले पक्षी घरी असतील तर 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी करावी लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. 2024 च्या नियमांनुसार हे काम केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर ऑनलाइन होतं.