जगाचा प्रकाश (ला ल्युमिएर द्यु माँद)

फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बूशे (1703–1770) याचे येशूजन्मावरील तैलचित्र. निर्मिती 1750, कॅनव्हासवर तैलरंग, उंची सुमारे 175 सेंमी., रुंदी सुमारे 130 सेंमी. सध्या लियाँ येथील ललित कला संग्रहालयात. रोकोको शैलीतील धार्मिक चित्रांमध्ये त्याची गणना होते.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिने पॅरिसजवळ म्यूदाँच्या टेकडीवर बेलव्यू हा प्रासाद बांधला. त्यातील खासगी प्रार्थनागृहाच्या वेदीसाठी तिने हे चित्र करवून घेतले. बूशेचे नाव तेव्हा गाजत होते ते व्हीनस, जलपऱ्या आणि रेशमी पोशाखांतल्या गवळणींसाठी. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा विषय त्याच्याकडे यावा, यात मौज आहे. मात्र तरुणपणी रोमची पारितोषिके देणाऱ्या अकादमीत शिकलेल्या बूशेला बायबलमधले विषय परके नव्हते.

लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या जन्माची वार्ता आधी मेंढपाळांना मिळते. बूशेने नेमका त्यांच्या दर्शनाचा क्षण घेतला आहे. प्रसंग रात्रीचा असूनही चित्रात दिवा नाही. उजेड येतो तो बाळाच्याच अंगातून. मरीयेचा चेहरा आणि भोवती जमलेली माणसे त्याने उजळतात, वर ढगांत देवदूतांची गोबरी बाळमुखे दिसतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. चित्राचे नाव तिथलेच.

ही प्रकाशयोजना बूशेची स्वतःची नव्हे. स्वीडनच्या संत ब्रिजिटला चौदाव्या शतकात झालेल्या साक्षात्कारात नवजात येशूच्या तेजापुढे मेणबत्ती फिकी पडली होती. पुढे इटालियन चित्रकार कोर्रेज्जो याने ‘रात्र’ या चित्रात त्या कल्पनेला नाट्यमय रूप दिले. बूशेने नाट्य सौम्य केले. गर्द काळोखाऐवजी तपकिरी-करडी धूसरता, कोवळी गुलाबी कांती, नागमोडी रचना आणि मलईसारखा मऊ कुंचला यांमुळे गोठ्यातले दारिद्र्य जाणवते कमी, मायेची ऊब अधिक.

1750 च्या सालों या पॅरिसमधील कलाप्रदर्शनात हे चित्र मांडले गेले. एत्येन फेसार याने त्यावरून केलेल्या मुद्राचित्रामुळे ते प्रासादाबाहेरच्या रसिकांपर्यंतही पोचले. पाँपादूरसाठीच बूशेने पुढे ‘सूर्यास्त’ (1752) आणि ‘सूर्योदय’ (1753) ही अपोलोची भव्य चित्रे रंगवली. ती आज लंडनच्या वॉलेस संग्रहात आहेत. ख्रिस्ती वेदी आणि ग्रीक सूर्यदेव, दोन्हींसाठी तिचा चित्रकार एकच.

बूशेच्या या गोडव्यावर टीकाही झाली. 1759 च्या सालोंमधील त्याच्या दुसऱ्या एका येशूजन्माच्या चित्राबद्दल फ्रेंच लेखक देनी दिद्रो याने आपल्या समीक्षालेखात खोटे रंग, गुलाबी बाळ आणि अशा प्रसंगी न शोभणारा छतपलंग यांवर बोट ठेवले. त्याच लेखात मरीयेच्या सौंदर्याने भारावून, ते चित्र आपल्याकडे असते तर वाईट वाटले नसते, अशी कबुलीही त्याने दिली.