सगळ्यांची चूक, आणि माझी



आल्बर्ट श्पेअर हा हिटलरचा आवडता वास्तुशिल्पी. जन्म १९०५, जर्मनीतील मानहाइम शहरात. वडील आणि आजोबाही वास्तुशिल्पीच. १९३१ मध्ये तो नाझी पक्षात गेला. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यात त्याने सर्चलाइटचे झोत आकाशात सोडून ‘प्रकाशाचे कॅथेड्रल’ उभे केले. त्या उजेडात लोकांनी एका माणसाला देवाच्या जागी बसवले.

पुढे बर्लिन नव्याने बांधायचे काम त्याला मिळाले. आराखड्यात सुमारे २९० मीटर उंचीचे घुमटाचे सभागृह होते. ते कधीच झाले नाही. पण अशा बांधकामांसाठी छळछावण्यांतले कैदी दगड फोडत होते, आणि त्याच्याच कार्यालयाने बर्लिनमधील यहुदी कुटुंबांची घरे काढून घेतली. १९४२ मध्ये तो शस्त्रास्त्रमंत्री झाला. लाखो वेठबिगार कारखान्यांत राबले.

न्यूरेंबर्गच्या खटल्यात श्पेअरने राजवटीच्या कृत्यांची सामूहिक जबाबदारी मान्य केली. जगाला वाटले, निदान एकाला तरी पश्चात्ताप झाला. त्याला २० वर्षांचा तुरुंगवास झाला. श्पांडाऊ तुरुंगात जॉर्ज कासालिस या फ्रेंच प्रोटेस्टंट धर्मगुरूंचा त्याला आधार मिळाला. फ्रान्सवर नाझींचा ताबा असताना त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले हे गृहस्थ. तरी कैद्याकडे पाठ फिरवली नाही. १९६६ मध्ये तो सुटला. १९६९ मध्ये आलेल्या आठवणींच्या पुस्तकाने तो पुन्हा प्रसिद्ध झाला.

पण यहुद्यांच्या संहाराविषयी आपल्याला माहीत नव्हते, हे त्याने सोडले नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेन येथे हिमलरने त्याविषयी उघड भाषण केले, तेव्हा आपण तिथे नव्हतो, असे तो सांगत राहिला. १९८१ मध्ये तो वारला. २००७ मध्ये त्याचे १९७१ चे एक खासगी पत्र उजेडात आले. त्यात त्याने लिहिले होते, की तो तिथे हजर होता.

जक्कयाची गोष्ट आठवा. ‘आम्ही सगळेच जकातदार असे’ असे तो म्हणाला नाही. ज्याला लुबाडले त्याला चौपट देतो, असे त्याने सर्वांसमोर सांगितले.

आपणही सहज म्हणतो, ‘सगळ्यांचंच चुकलं.’ त्या ‘सगळ्यां’मध्ये लपायला चांगली जागा असते. या आठवड्यात प्रार्थनेला बसताना एकच चूक नेमकी आठवू या: कोणाचे, काय, कधी. आणि मग उठून त्या माणसाच्या दारी जाऊ या.