वस्तुज्ञान : इंद्रिये व बुद्धी
भौतिक वस्तूंचे ज्ञान इंद्रियांपासून होते की बुद्धीपासून, हा ज्ञानमीमांसेतील एक मूलभूत प्रश्न. संत्र्याचा रंग डोळ्यांना, गंध नाकाला, रस जिभेला व खडबडीतपणा त्वचेला कळतो. परंतु हे सर्व गुण एकाच वस्तूचे आहेत आणि ती वस्तू आपण पाहत नसतानाही असते, हे कोणत्या इंद्रियाला कळते, असा हा प्रश्न आहे.

भारतीय दर्शनांत त्याचा विचार प्राचीन काळीच झाला. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली तिलाच मी स्पर्श करीत आहे, या प्रत्ययावरून इंद्रियांहून भिन्न असा ज्ञाता मानला पाहिजे, असा युक्तिवाद न्यायसूत्रांत आढळतो. इंद्रिय व वस्तू यांच्या संनिकर्षापासून उत्पन्न होणारे निश्चयात्मक ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष, असे नैयायिक मानतात. याउलट बौद्ध तार्किक दिङ्‌नाग (सु. पाचवे-सहावे शतक) याच्या मते प्रत्यक्ष हे कल्पनारहित असते. इंद्रियांना केवळ क्षणिक स्वलक्षण प्रतीत होते; नाम, जाती, गुण इत्यादींची जोड बुद्धी देते. तेव्हा ‘हे संत्रे आहे’ हे ज्ञान प्रत्यक्ष नव्हे. याला उत्तर म्हणून वाचस्पतिमिश्राने प्रत्यक्षाचे निर्विकल्पक व सविकल्पक असे दोन प्रकार मानले आणि दुसरा प्रकारही इंद्रियजन्यच ठरविला. वादाचे मर्म स्पष्ट आहे : वस्तूला वस्तुत्व देणारे घटक जर बुद्धीने रचलेले असतील, तर स्थिर वस्तूंचे जग हे सत्य न राहता व्यवहाराची सोय ठरते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात रने देकार्तने चिंतने (१६४१) या ग्रंथात मेणाचे उदाहरण घेतले. पोळ्यातून नुकत्याच काढलेल्या मेणाला मधाची चव व फुलांचा गंध असतो. विस्तवाजवळ नेताच त्याचे सर्व इंद्रियगोचर गुण पालटतात, तरी मेण तेच आहे असे आपण म्हणतो. म्हणून मेणाचे ज्ञान इंद्रियांना किंवा कल्पनाशक्तीला नव्हे, तर बुद्धीला होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. जॉन लॉकने मनातील सर्व कल्पनांचे मूळ अनुभवात शोधले. कांटने (१७८१) दोहोंचा मेळ घातला : वेदने इंद्रिये पुरवितात, संकल्पना बुद्धी पुरविते; एकीवाचून दुसरी ज्ञान देऊ शकत नाही.

मराठीत या विचाराला नागपूर येथे विशेष वळण मिळाले. दि. य. देशपांडे (१९१७–२००५) यांनी देकार्तच्या चिंतनांचा मराठी अनुवाद केला. म. गं. नातू यांच्यासह त्यांनी आगरकर-वाङ्मय संपादिले आणि १९९० मध्ये नागपुरातून नवा सुधारक (पुढे आजचा सुधारक) हे मासिक सुरू केले. आगरकरांच्या सुधारकाचे (१८८८) स्मरण या नावात आहे. मासिकात त्यांनी विवेकवादाची लेखमालेद्वारे मांडणी केली.

येथे परिभाषेतील एक घोटाळा टाळणे आवश्यक आहे. ‘बुद्धिवाद’ व ‘विवेकवाद’ या संज्ञा मराठीत दोन अर्थांनी योजल्या जातात. देकार्त ज्या अर्थाने बुद्धिवादी आहे, त्या अर्थी वस्तुस्वरूपाचे ज्ञान बुद्धी स्वबळावर मिळविते. आगरकर व देशपांडे यांच्या विवेकवादाचा आशय वेगळा आहे : पुरेशा पुराव्यावाचून कोणतेही मत स्वीकारू नये, हा तो आशय. जगाविषयीच्या विधानांचा पुरावा मात्र अखेरीस इंद्रियानुभवातूनच येतो. बुद्धी विधानांची सुसंगती तपासते व त्यांवरून निष्कर्ष काढते. वस्तू आहे की नाही, हे तिला एकटीला ठरविता येत नाही. त्यामुळे या दुसऱ्या अर्थाचा विवेकवादी वस्तुज्ञानाच्या बाबतीत बहुधा अनुभववादी असतो. ग्रंथ, गुरू किंवा अतींद्रिय साक्षात्कार यांच्या आधारे जगाविषयी केलेल्या दाव्यांनाही हीच कसोटी लागू पडते. एरवी केवळ शास्त्रीय वाटणाऱ्या या प्रश्नाला सामाजिक महत्त्व प्राप्त होते, ते यामुळेच.